जिथं घासतं तिथं

१

आमच्या घरी आठवड्यातनं एकदा फटफटीचं मागचं चाक उघडायचं. औषधाची पेटी न्यायची नसेल त्या दिवशी, सकाळच्या भाकरी झाल्या की आमचे कारभारी पडवीत पोतं अंथरायचे, फटफटी त्यावर आडवी करायचे आणि मला हाक मारायचे, "बना, राख आण."

राख चुलीतली, चाळून घेतलेली. ब्रेकाला लागलेलं तेलकट राखेनं निघतं. भांडी तरी आम्ही कशानं घासत होतो?

फटफटी जुनी होती. दवाखान्यातल्या देवी डॉक्टरांनी ती तरुणपणी घेतली, तिच्यावर बसून गावोगावच्या पोरांना देवी टोचल्या, आणि म्हातारपणी साताऱ्याला मुलाकडं जाताना सावळारामच्या हाती देऊन गेले. सावळाराम म्हणजे आमचे कारभारी. भोरहून हिवतापाच्या औषधाची पेटी यायची, ती घेऊन हे वेल्ह्याच्या अंगाच्या वरच्या वस्त्यांवर जायचे आणि दुपार कलली की परत यायचे. पावसाळ्यात तिकडं घराघरात माणूस घोंगडीखाली कुडकुडत पडलेला असायचा.

आमचं घर विंझरच्या पुढं, ओढ्याच्या काठाला. घरासमोर ओढा ओलांडायची दगडी फरशी, आणि फरशीपलीकडं डोंगरावरनं उतरणारा रस्ता. रस्ता कसला, मुरूम टाकलेली घसरगुंडी. वरनं सुसाट यायचं आणि अगदी तळाला एक वळण घेऊन फरशीवर चढायचं. वळणाला फटफटी हळू झाली नाही तर समोर डोह. पुढचा ब्रेक नावालाच होता. सगळा भार मागच्यावर. म्हणजे मी ज्या चाकाला राख लावत होते, त्या चाकावर माझं कुंकू होतं.

ब्रेक कसा असतो ते मला यांनीच दाखवलं. चाकाच्या मधोमध एक लोखंडी पातेलं असतं. पातेल्याच्या आत दोन अर्धे चंद्र. पायानं दाबलं की ते फाकतात, पातेल्याला आतनं घासतात, आणि चाक थांबतं. चंद्रांवर लायनर ठोकलेला असतो. तेव्हा लढाई चालू होती, लायनर पुण्यातही मिळेना. म्हणून यांनी भोरच्या भाताच्या गिरणीतला टाकलेला पट्टा आणला आणि कापून तांब्याच्या रिबिटांनी चंद्रांवर बसवला. घासून घासून त्या पट्ट्याला काचेसारखी चकाकी यायची. चकाकी आली की तो धरायचा नाही, नुसता घसरायचा. ती चकाकी मी दारातल्या खरबरीत दगडावर घासून काढायची.

माझ्या सासूबाई, धोंडाबाई, चुलीपाशी बसून हे सगळं बघायच्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या फटफटीला खोंड म्हणायच्या.

"झालं का खोंडाचं खूर कापून?" असं विचारायच्या.

"आई, ते खूर न्हाई, ब्रेक हाय."

"आसंल बाबा. आमच्या बैलाला दावं हुतं, ह्याला बिरेक."

२

त्या वर्षी बेंदराच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं भाताच्या लावणीला गेलो होतो. चाक सकाळीच उघडून पडवीत ठेवलं होतं, पट्टा घासून झाला होता, दुपारी बसवायचा होता. तेवढ्यात वरच्या वस्तीवरनं माणूस पळत आला. तिघं जण तापानं फणफणलेत म्हणाला. हे तसेच चिखलाच्या पायांनी घरी गेले. मी हातातली रोपांची चूड लावून संपवली आणि मागनं आले, तर पडवी मोकळी. फटफटी गेलेली.

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर लोण्याची वाटी, उजवा हात मनगटापर्यंत पिवळाधमक.

"काय केलंत, आत्याबाई?"

"खांदमळणी. उद्या बेंदूर न्हाई का? औंदा घरात दुसरं जनावर कुठं हाय?"

खांदमळणी म्हणजे जू घासून बैलाचा खांदा सोलपटतो, त्याला बेंदराच्या आदल्या दिवशी लोणी-हळद चोळतात. मला हसू आलं.

"मग? टाकीला लावली व्हय हळद?"

"टाकीला कशाला? शिंगाला लोणी चोळत्यात का कुणी? जिथं घासतं तिथं चोळत्यात. तू त्ये दोन अर्धे दगडावर घासतीस न्हवं, त्येंनाच चोळलं. चांगलं बोट बोट जिरवलं. सावळ्या आला, घाईत चाक बसवलं आन गेला. बघितलंबी न्हाई."

माझं हसू जागच्या जागी गेलं. म्हातारीनं मायाच केली होती. मी तशीच फरशीवर पळाले.

ओढा दुथडी होता. वरनं पाऊस भुरभुरत होता. किती वेळ उभी होते ते आठवत नाही, पण वरच्या वळणाला फटफट ऐकू आली तेव्हा माझी बोटं पदरात गुंतलेली होती. रोज त्या वळणापासनं पट्ट्याची किंकाळी सुरू व्हायची. डुक्कर ओरडल्यासारखी. लांबच्या वाड्यांत कळायचं, सावळाराम उतरला म्हणून. त्या दिवशी किंकाळीच नाही. नुसती फटफट, आणि ती जवळ येत चाललेली.

मी डोळे मिटले. उघडले तर फटफटी माझ्यापुढं फरशीच्या तोंडाशी उभी.

"काय गं, चिंतागती उभी?" हे म्हणाले. "आज बिरेक काय लागलाय म्हणून सांगू! आवाज न्हाई, हिसका न्हाई. हातानं धरल्यावानी."

घरी आलो तर आत्याबाई काथवटीतल्या पाण्यात हात बुडवून बसलेल्या.

"तव्याला लागला," त्या म्हणाल्या.

चूल विझलेली होती.

३

दुसऱ्या दिवशी मी यांना लोण्याचं सांगितलं. हे पोट धरून हसले, आणि मग पान्हा हातात घेतला.

"लोणी आसतं तर म्या डोहात गेलो आसतो की."

"मग?"

"पट्ट्यानं पिलं आसंल. गिरणीचा पट्टा हाय, त्येला तेलाची सवय."

चाक उघडलं. लोण्याचा टिपूसही नव्हता. पण पातेल्याच्या आतल्या अंगाला, जिथं चंद्र घासतात तिथं, हळदीची चार बोटं उठली होती. शेजारी शेजारी. करंगळी जराशी वाकडी.

"आईचीच," हे म्हणाले. "चोळताना टेकली आसतील." आणि राख मागितली.

मी राख दिली. पण मनात आलं, आत्याबाईंनी चोळलं चंद्रांना, पातेलं तर चाकाबरोबर वेगळं पडलं होतं. बरं, त्यालाही हात लागला असेल, घरातलीच वस्तू. पण ते पातेलं गरागरा फिरतं. वरच्या वस्तीपासनं फरशीपर्यंत ते किती फिरलं असेल? आतनं पट्टा घासतोय, आणि बोट पुसलं नाही? नुसती पिवळी रेघ उमटली असती तर मी समजले असते. ही बोटं होती. नखाच्या कडेसकट.

राखेनं दोनदा पुसलं, रिठ्याच्या पाण्यानं धुतलं. पातेलं आरशासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात चाक उघडलं तर चार बोटं तिथंच. आणि पट्टा, जो दर आठवड्याला चकाकायचा, तो नव्यासारखा खरबरीत. झिजलेलाच नव्हता.

"बघ," हे खूश होऊन म्हणाले, "गिरणीच्या पट्ट्याला तोड न्हाई."

मी म्हटलं, व्हय. हळद एकदा लागली की जात नाही, लुगड्याचा डाग कुठं जातो? असं मनाला सांगितलं आणि पुसत राहिले.

४

श्रावणात मला एका वासाचा माग लागला.

दुपार कलली की मधल्या खोलीत करपल्याचा वास यायचा. भाकरीचा नव्हे, रबराचा, चामड्याचा. पट्टा तापला की येतो तसा. मी चूल बघितली, वैलावरचं भांडं बघितलं, कौलातनं धूर कोंडतोय का बघितलं. मग एक दिवस पाणी भरून जरा लवकर आले आणि मधल्या खोलीत पाय टाकला.

आत्याबाई भाताच्या कणगीपाशी उभ्या होत्या. उजवा तळवा कणगीला टेकलेला, अंग सगळं त्या हातावर रेललेलं, डोळे मिटलेले. लांबवर, वरच्या वळणाला फटफट वाजत होती. ती जसजशी खाली येईल तसतशी म्हातारी कणगीवर दाबत होती. ओठ आत गेलेले. मी हाक मारणार होते, पण कणगीतनं आवाज आला. आतला भात हलत होता. उंदीर हलवतो तसा नव्हे. जात्यात दाणे फिरतात तसा, गोल, गोल, मग हळू, मग आणखी हळू.

फटफट फरशीवर येऊन थांबली. भात थांबला. आत्याबाईंनी हात काढून पदराखाली घेतला.

"कवा आलीस?" त्या म्हणाल्या.

"आत्ताच. काय करताय?"

"कणगी बघतीया. ओल धरलीया का म्हणून."

त्या रात्री मी काहीच खाल्लं नाही. स्वतःला समजावत होते, म्हातारी माणसं भिंतीचा आधार घेतात, उंदीर असतील, पावसाळ्यात वास येतातच. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाताला तेल लावायचं निमित्त काढून मी तळवा उलटा केला. तळव्यावर रेघ उरली नव्हती. ना आयुष्याची, ना कसली. गुळगुळीत, चकाकणारा, काचेसारखा. मला ती चकाकी ठाऊक होती. दर आठवड्याला मी ती दगडावर घासून काढत होते.

हैबती धनगर मेंढरं घेऊन आमच्या दारावरनं जायचा. पडवीत टेकून तो तमाखू मळायचा.

"वैनी, म्हातारीनं भाकरी थापायची सोडली व्हय?" त्यानं विचारलं. "आवाज येत न्हाई हल्ली."

"हात दुखतोय त्यांचा."

"त्यो हात दुखायचाच. आमच्या लहानपणी उताराला भाताची गाडी लागली की हीच मागनं धरायची. बैल निवांत चालायचं. गडी दमायचं, ही न्हाई."

"हैबत्या," आतनं आवाज आला, "तुजी मेंढरं माज्या वालाला लागली तर तुलाबी धरीन."

तो हसत उठला. मला मात्र हसता येईना. हाताला चमचाभर भात धरवत नव्हता आता त्यांना. मी भरवत होते. मनगट सुजून मांडीएवढं झालं होतं, आणि दुपार झाली की त्या उठून भिंत धरत, धडपडत मधल्या खोलीत जायच्याच.

५

यांना सांगू का, असं रोज मनात यायचं. सांगितलं तर काय होईल तेही दिसायचं. आईचा हात झिजतोय म्हटल्यावर हे ब्रेकावर पायच ठेवणार नाहीत. आणि उतार तर रोज उतरायचा आहे, वर माणसं तापात आहेत. न सांगावं तर म्हातारी माझ्या डोळ्यांपुढं संपत चाललेली. एका चाकात मायलेक दोघं.

म्हणून मी हट्ट धरला. नवा लायनर आणा.

"आगं, बिरेक हाय की फस्कलास! नवरीवानी लाजत थांबती फटफटी."

"असंल. मला नवा पायजे."

"तुला? तू चालवणार हायेस व्हय?"

"गौरीला मला लुगडं नको, बांगडी नको. लायनर आणा."

हे माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "लगीन झाल्यापासनं पैल्यांदा मागितलंस, आन काय मागितलंस!" पण नसरापूरच्या एका लॉरीवाल्याला सांगून त्यांनी पुण्यातनं खरा लायनर आणवला. राखाडी रंगाचा, आत पितळेच्या तारा विणलेला. गिरणीचा पट्टा काढला, नवा बसवला. मी पातेल्यातली ती चार बोटं राखेनं पुसली, मग लिंबानं, मग परत राखेनं. आणि हे पेटी घेऊन गेले.

मी आत्याबाईंपुढं जाऊन बसले. पहिल्यांदाच सरळ बोलले.

"आत्याबाई, आता सोडा."

त्यांनी कणगीचं निमित्त सांगितलं नाही. 

"सोडलं, आन न्हाई लागला तर?"

"लागंल. नवा हाय. माझ्या हातानं पुसलाय मी."

"तू सांगतीस?"

"मी सांगती."

"तुजं कुकू हाय, माजा ल्योक हाय. तवा आसं कर. तू फरशीवर उभी ऱ्हा. म्या पडवीत बसती, तितनं मला तू दिसतीस. गाडी उताराला लागली आन तुजं मन झालं, की पदर हालीव. म्या हात सोडीन."

"नक्की?"

"दोनी हात वर करून दावीन. मग तर झालं?"

६

फरशीवरनं आमची पडवी नीट दिसते. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, उजवा हात खांबाला लावलेला. सकाळीच सारवलेली जमीन त्यांच्याभोवती हिरवी दिसत होती.

वरच्या वळणाला फटफट आली.

मी पदर हातात धरला होता. हात उठेना. रोज धरतेय ती म्हातारी, आणखी एक दिवस धरू दे, असं वाटलं. उद्या हलवीन. मग तो मनगटाचा गोळा आठवला, ती रेघ नसलेली चकाकी आठवली. हे दुसऱ्या वळणावर दिसले. ओलं डोकं, पाठीला पेटी.

मी पदर हलवला.

पडवीत दोन्ही हात वर गेले. डोक्याच्या वर, बोटं पसरलेली, आरतीला उभ्या राहिलेल्या बाईसारखे.

त्याच क्षणी फटफटी सुटली. मला ते दिसलं. जसं दावं तुटल्यावर जनावर आधी गोंधळतं आणि मग धावतं, तशी. लायनर किंचाळला, पण तो धरत नव्हता, यांचा पाय दाबलेला होता, तोंड पांढरं पडलं होतं. मी ओरडले. कुणाला ते माहीत नाही. तळाचं वळण आलं, मागचं चाक आडवं घसरलं, मुरूम उडाला, आणि फटफटी थांबली. पुढचं चाक डोहाच्या कडेला लोंबत होतं. खाली पाणी गरगरत होतं.

हे खाली उतरले. मग हसले.

"नवा हाय. बसायला दोन दिवस घ्येतोय. घाबरलीस व्हय गं?"

मी पडवीकडं बघितलं. दोन्ही हात अजून वरच होते. मला रडूच आलं. आत्याबाईंनी सोडलं होतं, आणि माझा माणूस माझ्यापुढं उभा होता. एवढ्या दिवसांनी छातीतला दगड उतरला. यांना फटफटी मागं ओढायला हात द्यावा म्हणून मी मागच्या चाकाशी गेले.

चाकाच्या मागं रस्त्यात दोन चऱ्या पडल्या होत्या. चाकाची एक, आणि तिच्या दोन्ही अंगांना या दोन. दुसऱ्या वळणापासनं पार चाकापर्यंत. खोल, सरळ, कुणी टाचा रोवून मागं रेलत घसरत यावं तशा. शेवटी, जिथं फटफटी थांबली होती तिथं, मुरुमात दोन खड्डे. अनवाणी टाचांचे. पावसाचं पाणी त्यांत भरायला लागलं होतं.

हे चाकाशी वाकून पातेल्याला हात लावून बघत होते, केवढं तापलंय म्हणून. त्यांनी मागं बघितलं नाही. मी पायानं मुरूम लोटला, जेवढा लोटता आला तेवढा, आणि घराकडं पळाले.

"खाली घिऊ का गं आता?" आत्याबाई म्हणाल्या. "खांदं भरून आल्यात."

मी त्यांचे हात धरून खाली घेतले. तळवा गार होता. खांबाजवळची जमीन कोरडी, सारवणावर पावलाचा एक ठसा नाही. त्यांनी लुगडं पायावर ओढून घेतलं, पण घाईत घेतलं. मी ते बाजूला केलं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत लाल मुरुमानं भरलेले. टाचा फाटून त्यातनं रक्त आलेलं, आणि भेगांत खडे रुतलेले.

"आत्याबाई, हे काय?"

त्यांनी माझी नजर चुकवली. चोरून गूळ खाल्लेल्या पोरीसारखं तोंड केलं.

"हात सोडीन म्हनलं हुतं," त्या म्हणाल्या. "पायाचं कुठं काय ठरलं हुतं आपलं?"

मी चुलीवरचं गरम पाणी घंगाळात ओतलं, त्यांचे पाय त्यात ठेवले आणि एक एक खडा काढत बसले. त्या माझ्या डोक्यावरनं हात फिरवत होत्या. तो गुळगुळीत तळवा माझ्या केसांवरनं घसरत होता, आणि मला वाटत होतं, हे पाणी कधी गार होऊ नये.

बाहेर फटफटी पडवीला लागली. यांचा आवाज आला, खुशीतला.

"आई, उद्या पानशेतच्या अंगाला जायचंय बरं का! तिकडचा उतार ह्याच्यापेक्षा लांब हाय."

आत्याबाईंचा हात माझ्या केसांत थांबला. मग त्यांनी पाय पाण्यातनं काढले आणि पुसायला लागल्या.